एम. एस्सी.च्या प्रकल्पात क्ष-किरणांचे ध्रुवण मोजू द्या : भौतिकशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य,
तसेच पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागांचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षातील प्रकल्पांच्या यादीत एका विषयाची भर घालावी, अशी आमची विनंती आहे : अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या क्ष-किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांचे विद्युत क्षेत्र किती प्रमाणात एकाच दिशेत हेलकावते ते, सार्वजनिक डेटावरून मोजणे. विनंतीचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. एखाद्या विद्यार्थिनीने या प्रकल्पाच्या शेवटी ‘ध्रुवण आढळले नाही, असलेच तर ते अमुक टक्क्यांहून कमी आहे’ असे लिहिले आणि ते नीट दाखवून दिले, तर तिला ध्रुवण सापडलेल्या विद्यार्थ्याइतकेच गुण मिळावेत, हे मूल्यमापनाच्या नियमांत लेखी असावे. असे का म्हणतो, ते पुढे आकड्यांनिशी मांडले आहे.

ध्रुवण आपल्या अभ्यासक्रमाला नवे नाही. दोन पोलरॉइड, एक दिवा आणि एक फोटोसेल घेऊन मालसचा नियम बी. एस्सी.च्या मुलांनी ताडून पाहिलेला असतो. पोलरॉइड फिरवला की प्रकाशाची तीव्रता कोज्येच्या वर्गाप्रमाणे वरखाली होते आणि आलेख सहसा पहिल्याच फेरीत सुबक येतो. पण तिथे प्रकाश मुबलक असतो, त्यामुळे आकडेवारीच्या गोंगाटाशी गाठच पडत नाही. क्ष-किरणांसाठी पोलरॉइड बनत नाही. तिथे एकेक फोटॉन पदार्थावर आपटतो आणि त्या आघातातून जे बाहेर पडते त्याच्या दिशेवरून ध्रुवण ताडावे लागते. हे काम आजवर तीन रस्त्यांनी झाले आहे : स्फटिकावरून ४५ अंशांत होणारे ब्रॅग परावर्तन, हलक्या मूलद्रव्यावरून सुमारे ९० अंशांत होणारे प्रकीर्णन आणि वायूत घडणारा प्रकाशविद्युत परिणाम. तिन्ही विषय आपल्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत आहेत. ते एकत्र येतात ते इथे.

१९६२ मध्ये सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. तेव्हापासून क्ष-किरण कुठून आले, केव्हा आले आणि किती ऊर्जेचे होते, एवढेच प्रामुख्याने मोजले गेले. त्यांचे विद्युत क्षेत्र कोणत्या प्रतलात हेलकावते, हे मात्र जवळपास अस्पर्श राहिले. १९७१ मध्ये रॉबर्ट नोव्हिक यांच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने अग्निबाणावरून क्रॅब तेजोमेघाच्या (एका अतिनवताऱ्याच्या अवशेषाच्या) ध्रुवणाची चाहूल घेतली. १९७५ मध्ये सोडलेल्या ओएसओ-८ उपग्रहावरच्या ग्रॅफाइट स्फटिकांनी ते पक्के केले : २.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (पुढे केईव्ही) १९.२ टक्के, एक टक्क्याच्या अनिश्चिततेसह. ब्रॅग स्फटिक मात्र अगदी अरुंद पट्ट्यातली ऊर्जाच परावर्तित करतो आणि बाकीचे फोटॉन वाया जातात. म्हणून क्रॅबसारखा झगझगीत स्रोत सोडला तर त्या तंत्राच्या हाती फारसे लागले नाही, आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे हे क्षेत्र ओएसओ-८च्या आकड्यांवरच जगले.

ही कोंडी फोडली ती ९ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या आयएक्सपीई या नासा आणि इटलीच्या अवकाश संस्थेच्या संयुक्त दुर्बिणीने. २०२२ पासून आलेले तिचे निकाल पाहिले की हे मोजमाप काय देऊ शकते ते कळते. सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराभोवतीचा तप्त भाग इतका लहान आहे की कोणतीही क्ष-किरण दुर्बीण त्याची प्रतिमा घेऊ शकत नाही. पण त्याचे ध्रुवण ४.०१ ± ०.२० टक्के आले आणि त्याची दिशा रेडिओ झोताच्या दिशेशी जुळली. याचा अर्थ, क्ष-किरण सोडणारा तप्त वायू झोताच्या बाजूने उभा नसून चकतीच्या बाजूने आडवा पसरलेला आहे. फोर-यू ०१४२+६१ या मॅग्नेटारचे (अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याचे) ध्रुवण कमी ऊर्जेला सुमारे १५ टक्के होते; ४ ते ५ केईव्हीच्या दरम्यान ते जवळपास नाहीसे झाले आणि त्याच्या वर ३५ टक्क्यांपर्यंत चढले, तेही ९० अंश वळून. वेला पल्सारच्या (नियमित स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या) तेजोमेघात काही भागांत ते ६० टक्क्यांच्या पुढे गेले, म्हणजे तिथले चुंबकीय क्षेत्र विलक्षण शिस्तीत आहे. उलट हर्क्युलिस एक्स-१ या न्यूट्रॉन ताऱ्याने सिद्धांताला धक्का दिला : गणिते ६० टक्क्यांहून अधिक सांगत होती, मोजमाप दहा टक्क्यांच्या आसपास आले. हा शेवटचा निकाल आम्हाला विद्यार्थ्यांसाठी सर्वांत मोलाचा वाटतो. अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी आलेल्या आकड्यानेच तिथे नवे प्रश्न उभे केले.

आता यंत्राविषयी. प्रकल्प करणाऱ्याला हे कळल्याशिवाय डेटातला एकही रकाना समजणार नाही, म्हणून इथे थोडे थांबतो.

आयएक्सपीईवर एकसारख्या तीन दुर्बिणी आहेत. प्रत्येकीत एकात एक बसवलेले २४ दंडगोलाकार आरसे आहेत आणि नाभीय अंतर ४ मीटर आहे. हे अंतर प्रक्षेपणानंतर उलगडलेल्या दांडीने मिळते. नाभीवर वायूचा डिटेक्टर आहे : बेरिलियमची ५० मायक्रॉनची खिडकी, तिच्यामागे सुमारे ०.८ बार दाबाचा डायमिथाइल इथर, वायूची खोली १ सेंटिमीटर. फोटॉन आत येतो आणि बहुधा आरपार निघून जातो. जो शोषला जातो तो कार्बनच्या किंवा ऑक्सिजनच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन उडवतो. हा इलेक्ट्रॉन फोटॉनच्या विद्युत क्षेत्राच्या दिशेत निघण्याची शक्यता सर्वांत जास्त आणि लंब दिशेत सर्वांत कमी असते. कोज्येचा वर्ग इथेही तोच. वायूतून धावताना तो मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा माग सोडतो. मागातला विद्युतभार एका छिद्रित पातळ पडद्यातून वाढवला जातो आणि ५० मायक्रॉन अंतराने मांडलेल्या १,०५,६०० पिक्सेलच्या चिपवर उतरतो. म्हणजे प्रत्येक फोटॉनमागे एका इलेक्ट्रॉनच्या वाटचालीचे छायाचित्र मिळते.

अडचण अशी की इलेक्ट्रॉन सरळ जात नाही. अणूंवर आपटत तो वळत जातो, आणि आपली बहुतेक ऊर्जा प्रवासाच्या शेवटी टाकतो. त्यामुळे छायाचित्रातला सर्वांत ठळक ठिपका हा मागाचा शेवट असतो आणि ध्रुवणाची माहिती असते ती फिकट सुरुवातीत. म्हणून दिशा दोन टप्प्यांत काढतात : आधी सगळ्या मागाचा मुख्य अक्ष, मग विद्युतभाराच्या असममितीवरून कोणते टोक सुरुवातीचे ते ओळखून त्या टोकाजवळच्या पिक्सेलना जास्त वजन देऊन पुन्हा अक्ष. शिवाय अणूतून निघणारा ऑजे इलेक्ट्रॉन कोणत्याही दिशेला जातो आणि सुरुवातीचाच भाग गढूळ करतो. डायमिथाइल इथर निवडण्याचे एक कारण हेच आहे : हलक्या अणूंचा वायू असल्याने इलेक्ट्रॉन कमी भरकटतो आणि विद्युतभार चिपपर्यंत जाताना कमी पसरतो.

२ केईव्हीला माग इतका आखूड असतो की तो जवळजवळ गोल डागच दिसतो. त्यामुळे मॉड्युलेशन फॅक्टर, म्हणजे शंभर टक्के ध्रुवित किरणांना यंत्र किती टक्के प्रतिसाद देते तो आकडा, तिथे सुमारे १५ टक्के असतो. ८ केईव्हीला तो ६० टक्क्यांजवळ जातो. पण ८ केईव्हीला आरसेही कमी फोटॉन गोळा करतात आणि वायूही कमी शोषतो. या ओढाताणीतून जे हाती येते त्यावर सगळा हिशेब चालतो.

हा हिशेब एका सूत्रात मावतो. पार्श्वभूमी नगण्य असेल तर ९९ टक्के विश्वासाने ओळखता येणारे किमान ध्रुवण = ४.२९ भागिले (मॉड्युलेशन फॅक्टर × फोटॉनसंख्येचे वर्गमूळ). यातला ४.२९ आकाशातून पडलेला नाही. ध्रुवणाची मात्रा आणि दिशा सांगणाऱ्या क्यू आणि यू या दोन स्टोक्स राशींतला गोंगाट सामान्य वितरणाचा धरला की ध्रुवणाच्या मूल्याचे वितरण रेलीचे होते. ते एक टक्का वेळाच ओलांडले जाईल अशी मर्यादा काढली की ९.२१ चे वर्गमूळ ३.०३५ येते, त्याला २ च्या वर्गमुळाने गुणले की ४.२९. ही सिद्धता फळ्यावर पाव तासात होते आणि ती विद्यार्थ्याकडून करून घ्यावीच.

आता आकडे घालून पाहू. मॉड्युलेशन फॅक्टर ०.३ धरला आणि दहा हजार फोटॉन मिळाले, तर किमान ओळखता येणारे ध्रुवण १४.३ टक्के. दहा लाख फोटॉन मिळाले तर १.४३ टक्के. एक टक्क्यापर्यंत पोहोचायला वीस लाखांहून थोडे अधिक फोटॉन लागतात. स्रोताचे तेज मोजायला काहीशे फोटॉन पुरतात, वर्णपटाला काही हजार, ध्रुवणाला लाखो. म्हणून ही दुर्बीण एकेका स्रोतावर कित्येक दिवस खिळून राहते.

याहून बोचरे सत्य पुढे आहे. ध्रुवणाचे मूल्य हे दोन वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असल्याने ते कधीच ऋण येत नाही. समजा स्रोत मुळीच ध्रुवित नाही, फोटॉन दहा हजार आहेत आणि फॅक्टर ०.३ आहे. क्यू आणि यू या दोहोंतली अनिश्चितता ४.७ टक्के येते, आणि अशा शून्य-ध्रुवणाच्या स्रोताचे ‘मोजलेले’ ध्रुवण सरासरीने ५.९ टक्के निघते. म्हणजे काहीच नसताना प्रत्येक विद्यार्थ्याला काहीतरी सापडेल. मूल्यमापनात जर ‘निकाल मिळाला का’ असा रकाना असेल, तर हा प्रकल्प सर्वांना खोटा निकाल लिहायला शिकवील. आमची दुसरी विनंती पहिल्याहून महत्त्वाची का, ते यावरून लक्षात यावे.

म्हणून सुरुवात दुर्बिणीच्या फाइलपासून करू नये. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याने पायथॉनमध्ये शून्य ते १८० अंशांत दहा हजार यादृच्छिक कोन निर्माण करावेत, प्रत्येक कोन φ चा क्यू = २ कोज्या(२φ) आणि यू = २ ज्या(२φ) काढावा, सरासरी घ्यावी, ०.३ ने भागावे आणि ध्रुवण काढावे. हेच हजार वेळा करून आयतालेख काढावा. तो शून्यापासून सुटा उभा राहिलेला दिसतो, आणि १४.३ टक्क्यांच्या पलीकडे हजारातले साधारण दहा निकाल पडतात. हा आलेख अहवालाच्या पहिल्या पानावर असावा.

त्यानंतर खरा डेटा. आयएक्सपीईचा डेटा नासाच्या हीसार्क संग्रहात सर्वांना मोफत खुला आहे. नाव नोंदवावे लागत नाही. प्रत्येक निरीक्षणाच्या दुसऱ्या स्तराच्या तीन घटना-फाइली असतात, एकेका डिटेक्टरची एक. पहिल्या स्तरातल्या मागांच्या छायाचित्रांची एम. एस्सी.च्या कामाला गरज नाही, त्या अवजड फाइली उतरवू नयेत. दुसऱ्या स्तराच्या फाइलीत दर ओळीला एक फोटॉन असतो : वेळ, आकाशातली जागा, ऊर्जेचा पीआय क्रमांक, क्यू, यू आणि मागाच्या दर्जाचे वजन. पीआयचा एक टप्पा ०.०४ केईव्हीचा, म्हणून २ ते ८ केईव्ही म्हणजे साधारण ५० ते २०० क्रमांक. क्यू आणि यू यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले तर ते २ च्या जवळ येते, पण नेमके २ येत नाही. कारण डिटेक्टर स्वतःहून जे खोटे मॉड्युलेशन निर्माण करतो ते प्रत्येक फोटॉनमागे आधीच वजा केलेले असते. हे खोटे मॉड्युलेशन कमी ऊर्जेला सर्वाधिक असते आणि पिक्सेलगणिक बदलते. त्याचे नकाशे प्रक्षेपणापूर्वी रोमच्या प्रयोगशाळेत अध्रुवित किरण पाडून तयार केले गेले. तीन डिटेक्टर एकमेकांशी १२० अंशांनी वळवून बसवले आहेत, तेही अशा दोषांचा ठाव लागावा म्हणूनच.

पहिला स्रोत म्हणून सिग्नस एक्स-१ घ्यावा. तो बिंदुवत आहे, तेजस्वी आहे आणि उत्तर ताडून पाहता येते. तीनही फाइली डीएस-नाइन या प्रतिमा पाहण्याच्या प्रोग्राममध्ये उघडाव्यात, प्रतिमेचा मध्य डोळ्याने न ठरवता गणिताने काढावा आणि त्याभोवती ६० विकलांच्या (आर्कसेकंदांच्या) त्रिज्येचे वर्तुळ घ्यावे. पार्श्वभूमीसाठी बहुधा १५० ते ३०० विकलांचे कडे घेतात. त्याचे क्षेत्रफळ वर्तुळाच्या १८.७५ पट असते, म्हणून वजाबाकीपूर्वी तिथले क्यू, यू आणि संख्या १८.७५ ने भागायची. मात्र सिग्नस एक्स-१ इतक्या तेजस्वी स्रोताला पार्श्वभूमी वजा करूच नये. आरशांतून विखुरलेला स्रोताचाच प्रकाश त्या कड्यात भरलेला असतो; तो वजा केला तर आपण स्रोतातूनच स्रोत वजा करतो. मंद ब्लेझार (आपल्याकडे झोत रोखलेली दीर्घिकांची केंद्रे) किंवा अतिनवताऱ्याचे अवशेष यांना वजाबाकी अटळ आहे, आणि तिथे त्याआधी मागांच्या आकारावरून वैश्विक किरणांच्या घटना गाळणेही लागते.

पहिले उत्तर हाताने काढायला लावावे : ऊर्जेचे अरुंद कप्पे, प्रत्येकात क्यू आणि यूची सरासरी, कॅलिब्रेशन फाइलीतल्या त्या ऊर्जेच्या मॉड्युलेशन फॅक्टरने भागाकार. मग तेच आयएक्सपीई-ऑब्स-सिम या पायथॉन पॅकेजमधल्या एक्सपीबिनच्या पीसीयूब पर्यायाने, आणि शेवटी एक्सस्पेक या वर्णपट-विश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये. एक्सस्पेकसाठी तीन डिटेक्टरांचे आय (एकूण तीव्रता), क्यू, यू असे नऊ वर्णपट लागतात. क्यू आणि यूला नेहमीच्या प्रतिसाद-फाइलीऐवजी मॉड्युलेशन गुंतवलेली फाइल जोडायची असते, आणि ही अदलाबदल ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. ती झाली की ध्रुवण तीन-चार पटींनी कमी येते आणि प्रोग्राम काहीही तक्रार करत नाही. आयचे वर्णपट कप्प्यागणिक किमान ३० फोटॉन पडतील असे गटवावेत. क्यू-यूला हा नियम लावता येत नाही, कारण त्या राशी ऋणही असतात. त्यांना ०.२ केईव्हीचे सारखे कप्पे द्यावेत. वर्णपटाच्या प्रतिमानाला कॉन्स्टपोल गुणून आधी स्थिर ध्रुवण बसवावे; ऊर्जेनुसार बदलते असा संशय असेल तरच लिनपोल.

उत्तर आल्यावर एक झटपट तपासणी आहे. कोनाची अनिश्चितता अंशांत = २८.६५ × (ध्रुवणाची अनिश्चितता ÷ ध्रुवण). सिग्नस एक्स-१ च्या प्रसिद्ध आकड्यांवर ती लावून पाहावी : २८.६५ × ०.२० ÷ ४.०१ = १.४३ अंश, आणि प्रसिद्ध झालेला कोन −२०.७ ± १.४ अंशच आहे. विद्यार्थ्याच्या अहवालात हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर कुठेतरी गफलत आहे.

गफलती कोणत्या, हे मार्गदर्शकाला आधी ठाऊक असलेले बरे. कोन काढताना साधा आर्कटॅन वापरला तर चतुर्थांश चुकतो आणि दिशा ९० अंशांनी उलटते. दोन राशी घेणारा आर्कटॅन-२ वापरून त्याचे अर्धे करायचे. ध्रुवणाचा कोन १८० अंशांनी पुन्हा तोच होतो, म्हणून १ अंश आणि १७९ अंश यांची सरासरी ९० काढणे ही घोडचूक; ते दोन्ही जवळजवळ एकच आहेत. तीन डिटेक्टरांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी घेऊ नये, त्यांचे क्यू आणि यू एकत्र करून मग टक्केवारी काढावी. वेळेचे तुकडे जोडतानाही तेच, आणि त्यात आणखी एक सापळा आहे : स्रोताची दिशा निरीक्षणाच्या काळात फिरत असेल तर क्यू-यू एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरी शून्याकडे जाते. मार्केरियन ४२१ या ब्लेझारच्या बाबतीत असे दिशा फिरणे प्रत्यक्ष पाहिले गेले आहे.

वर्तुळाचा मध्य जरा सरकला तरी गडबड होते. फोटॉन नेमका कुठे शोषला गेला याचा अंदाज मागाच्या दिशेतच चुकतो. त्यामुळे बिंदुवत स्रोताभोवती खोट्या ध्रुवणाचे एक वलय तयार होते. वर्तुळ नीट मध्यावर असले की ते चारी बाजूंनी एकमेकांना छेद देऊन मिटते, सरकलेले असले की उरते. याच कारणाने क्रॅबसारख्या पसरलेल्या स्रोतांचे नकाशे पहिल्या प्रकल्पाला देऊ नयेत. तिथे तेजस्वी भागाच्या कडांवर हा दोष खऱ्या रचनेसारखा दिसतो.

ऊर्जेचे दहा कप्पे करून त्यातल्या एकात ९९ टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली, म्हणून ‘या ऊर्जेला ध्रुवण आढळले’ असे लिहिण्याचा मोह होतो. दहा कप्प्यांत किमान एकदा असे निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. किती कप्पे करून पाहिले, हे अहवालात लिहिणे बंधनकारक करावे.

डिटेक्टर काळाबरोबर बदलतो, हेही मुलांना दिसू द्यावे. वायूचा दाब प्रक्षेपणापूर्वीपासून हळूहळू घटत आला आहे, तेजस्वी स्रोताने छिद्रित पडदा भारित होऊन वर्धन खाली येते. म्हणून उपग्रहावर लोह-५५ चे किरणोत्सारी स्रोत ठेवले आहेत, त्यांपैकी एक ध्रुवित. लोह-५५ चा अर्धायुकाल सुमारे २.७ वर्षे, त्यामुळे तेही मंदावत जातात. जुन्या निरीक्षणाला त्या काळाचीच कॅलिब्रेशन फाइल लावावी लागते. ताजी फाइल म्हणजे बरोबर फाइल, हा समज इथे चालत नाही.

आपल्या प्रदेशाशी या विषयाचे खरे नाते आहे ते जास्त ऊर्जेच्या बाजूला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी निघालेल्या इस्रोच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरचे सीझेडटीआय हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, इतर संस्थांच्या साथीने घडले आणि त्याच्या डेटाचे केंद्र पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन केंद्रात आहे. त्यात कॅडमियम झिंक टेल्युराइडचे १६,३८४ पिक्सेल आहेत, प्रत्येक सुमारे २.५ मिलिमीटरचा. १०० केईव्हीच्या वर फोटॉन एका पिक्सेलमध्ये कॉम्प्टन प्रकीर्णन होऊन शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो. अशा जोड-घटनांच्या दिशा मोजल्या की ध्रुवण मिळते. संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये क्रॅबचे १०० ते ३८० केईव्हीमधले ध्रुवण याच रीतीने सुमारे ३३ टक्के असल्याचे प्रसिद्ध केले. इथली खरी कसोटी भूमितीची आहे : चौकोनी पिक्सेलला आठ शेजारी, त्यातले चार कडेला टेकलेले आणि चार फक्त कोपऱ्याला. अध्रुवित किरणांनीही कडेच्या शेजाऱ्यांत जास्त घटना पडतात. त्यामुळे उपग्रहाच्या पूर्ण प्रतिमानावरून कणांचा पदार्थातला प्रवास संगणकावर साकारणाऱ्या जिआंट-४ मध्ये अध्रुवित उत्तर काढून त्याने भागावे लागते. ज्या विभागात कणभौतिकीची अशी प्रतिमाने चालवणारे कोणी आहे, तिथे हा दुसऱ्या सत्राचा प्रकल्प होऊ शकतो. इतरांनी त्यात पडू नये.

१ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ ने सोडलेल्या इस्रोच्या एक्स्पोसॅटवर बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे पोलिक्स हे ध्रुवणमापक आहे. ते आयएक्सपीईच्या वरच्या पट्ट्यात, ८ ते ३० केईव्हीत, हलक्या प्रकीर्णकाभोवती चार बाजूंना बसवलेल्या डिटेक्टरांनी मोजते आणि उपग्रह स्वतःभोवती फिरत राहून चौघांतला असमानपणा सपाट करतो. वर सांगितलेली स्टोक्स राशींची आणि किमान ध्रुवणाची सगळी तयारी तिथे जशीच्या तशी लागू पडते. त्या डेटाला माणसे लागणार आहेत, आणि ती आपल्या विभागांतून जावीत असे आम्हाला मनापासून वाटते.

खर्चाचे म्हणाल तर आठ ते सोळा जीबी मेमरीचा एक संगणक, लिनक्स आणि इंटरनेट. एक्सस्पेक ज्यात येते ते हीसॉफ्ट हे सॉफ्टवेअर मूळ संहितेपासून बांधायला काही तास जातात आणि त्यात एखादे पूरक पॅकेज नसल्याने अडखळण्याची शक्यता मोठी. विभागाने ते एकदाच एका यंत्रावर नीट बसवून सर्वांना तिथे प्रवेश द्यावा. दर विद्यार्थ्याने आपापल्या लॅपटॉपवर बसवण्यात सत्राचे पहिले तीन आठवडे घालवू नयेत.

प्रकल्प-पुस्तिकेत घालण्यासाठी मजकूर असा सुचवतो : ‘विद्यार्थ्याने स्रोत उघडण्यापूर्वी अपेक्षित फोटॉनसंख्येवरून किमान ओळखता येणारे ध्रुवण लिहून मार्गदर्शकाकडे द्यावे. अहवालात क्यू-यू प्रतलावरील विश्वासवर्तुळे, तीनही डिटेक्टरांचे स्वतंत्र निकाल, निरीक्षणाच्या पूर्वार्ध-उत्तरार्धाची तुलना आणि करून पाहिलेल्या कप्प्यांची संख्या असावी. मोजलेले मूल्य किमान मर्यादेखाली असल्यास ९९ टक्के विश्वासाची वरची मर्यादा हाच निकाल मानावा व त्यास पूर्ण गुण द्यावेत.’ मंडळाच्या येत्या बैठकीत हा मजकूर विषयपत्रिकेवर घ्यावा. त्यात बदल सुचल्यास तेही करावेत. शेवटचे वाक्य मात्र वगळू नये.

आपले,
क्ष-किरण ध्रुवणाच्या डेटावर काम करणारे काही अभ्यासक